प्राण्यांवर चाचणी न करणारा ब्रँड निवडताना नेमके काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. चेहऱ्याचे एक क्रीम आपण डबीवरचे सशाचे चित्र आणि ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ हे वाक्य पाहून घेतले. नंतर वाचनात आले की या ब्रँडची मालकी एका मोठ्या कंपनीकडे आहे आणि त्या कंपनीचा माल चीनमध्येही विकला जातो. आता डबीवरच्या वाक्यावर विश्वास ठेवावा का, कोणते चिन्ह खरे मानावे, ‘व्हीगन’ म्हणजे तेच का, आणि घरात आधीपासून असलेल्या वस्तूंचे काय करावे, असे आपण विचारले आहे. प्रसाधनांची सूत्रे तयार करणे आणि त्यांच्या सुरक्षिततेची कागदपत्रे तपासणे हे काम मी गेली अनेक वर्षे करते. त्यामुळे या प्रश्नाकडे मी दुकानाच्या फळीवरून नव्हे, तर कच्च्या मालाच्या गोदामातून पाहते, आणि माझ्या मते गोंधळाचे मूळही तिथेच आहे.

एका साध्या क्रीममध्ये वीस-तीस घटक सहज असतात: पाणी, ग्लिसरीन, दोन-तीन तेले, तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे इमल्सिफायर, दाटपणा आणणारा एखादा डिंक, क्रीम टिकावे म्हणून घातलेले प्रिझर्व्हेटिव्ह, सुगंध, आणि ज्याच्या नावावर क्रीम विकले जाते तो एखादा खास घटक. यांतला जवळपास एकही घटक ब्रँड स्वतः बनवत नाही. ते रसायन कंपन्यांकडून येतात, पुष्कळदा मधल्या व्यापाऱ्यामार्फत येतात, आणि एकट्या सुगंधातच कित्येक डझन रसायने असू शकतात. आजच्या काळात तयार क्रीम सशाच्या त्वचेवर लावून पाहण्याचे प्रकार फार कमी उरले आहेत. प्राण्यांवरची चाचणी होते ती बहुतेक वेळा एखाद्या नव्या घटकावर, तो बनवणाऱ्या कंपनीकडून किंवा तिने नेमलेल्या प्रयोगशाळेकडून, आणि अनेकदा प्रसाधनांच्या नव्हे तर रसायनांच्या कायद्यासाठी. म्हणून ‘आमच्या उत्पादनाची प्राण्यांवर चाचणी होत नाही’ हे वाक्य शब्दशः खरे असूनही आपल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. विचारायचे ते असे: चाचणी कोणी केली, कशावर केली, कोणत्या तारखेनंतर केली, आणि केली नाही असे म्हणत असाल तर ते तपासले कोणी?

ही चाचणी म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहिल्याशिवाय या प्रश्नांचे वजन कळत नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्या रंगवण्याचा रंग विकला जात होता. त्यातल्या पॅरा-फेनिलीनडायअमाइनमुळे स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाल्या, काहींची दृष्टी गेली. प्रसाधनांना कायद्याच्या कक्षेत आणणारा अमेरिकेचा १९३८ चा कायदा होण्यामागे अशी प्रकरणे होती. सुरक्षितता तपासली पाहिजे ही मागणी रास्तच होती, आणि प्राण्यांची कणव असणाऱ्यांनीही ती कधी नाकारू नये. तिच्यावर जो मार्ग शोधला गेला तो मात्र सशाच्या डोळ्यातून गेला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ यांनी १९४४ मध्ये सहकाऱ्यांसह जी पद्धत प्रसिद्ध केली, ती पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली. पांढऱ्या सशाची खालची पापणी हलकेच ओढून जी खोबण तयार होते, तीत ०.१ मिलिलिटर पदार्थ सोडतात, पापण्या क्षणभर मिटून धरतात आणि दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवतात. मग एका तासाने, २४ तासांनी, ४८ आणि ७२ तासांनी, आणि इजा टिकली तर २१ दिवसांपर्यंत, डोळ्याकडे पाहून गुण मांडले जातात. एकूण ११० गुणांपैकी ८० गुण डोळ्याच्या पारदर्शक पडद्याचे, म्हणजे पारपटल किती गढुळले आणि किती भागावर गढुळले याचे असतात. या चाचणीत सशाला आधीपासूनच भूल आणि वेदनाशामक देण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत नेमाने घातली गेली ती २०१२ मध्ये. ड्रेझ यांच्या लेखानंतर ६८ वर्षांनी.

एवढे करून मिळणारी माहिती तरी भरवशाची असते का? सशाला तिसरी पापणी असते आणि त्याच्या पापण्या माणसापेक्षा कितीतरी कमी वेळा लवतात, त्यामुळे पदार्थ डोळ्यात राहण्याचा काळच वेगळा ठरतो. वाइल आणि स्काला या संशोधकांनी तेच पदार्थ वीसहून अधिक प्रयोगशाळांना तपासायला दिले होते. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत एकाच पदार्थाला काही प्रयोगशाळांनी सौम्य तर काहींनी तीव्र दाहक ठरवले होते. मी या कामात आले तेव्हा ‘जुनी पद्धत क्रूर असली तरी अचूक आहे’ असे ज्येष्ठांकडून ऐकले होते. कागद वाचत गेले तसतसा तो समज गळून पडला.

पर्याय आज कल्पनेत नाहीत, रोजच्या वापरात आहेत. मानवी पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या थरावर पदार्थ ठेवून किती पेशी जिवंत राहिल्या हे रंगाच्या साहाय्याने मोजण्याची पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये मार्गदर्शिका क्रमांक ४३९ म्हणून स्वीकारली. डोळ्याच्या वरच्या थरासारख्या ऊतीवरची पद्धत २०१५ मध्ये आली. त्वचेची अॅलर्जी हा पूर्वी गिनीपिग आणि उंदरांचा प्रांत होता. तिथे २०२१ पासून मार्गदर्शिका ४९७ प्रमाणे रासायनिक अभिक्रिया, पेशींवरच्या चाचण्या आणि संगणकीय अंदाज एकत्र करून निर्णय देता येतो. दीर्घकाळ वापराचे परिणाम, गर्भावरचे परिणाम आणि शरीरात पदार्थाचा होणारा प्रवास, या तीन ठिकाणी मात्र एकास एक असा पर्याय अजून तयार नाही. पण ब्रँडपुढचा खरा सुरक्षित रस्ता इतका अवघड नाही: ज्यांची सुरक्षितता आधीच सिद्ध आहे असे हजारो घटक उपलब्ध आहेत. त्यांच्यातून सूत्र बांधावे, नव्या चाचणीची वेळच येत नाही. तयार क्रीम मग स्वखुशीने पुढे आलेल्या माणसांच्या पाठीवर किंवा दंडावर पट्टी लावून तपासले जाते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती कळली नाही की माणूस एकतर फसतो किंवा निराश होतो. कोणताही कच्चा माल घेतला की त्याच्यासोबत सेफ्टी डेटा शीट येते आणि तिच्या अकराव्या विभागात विषारीपणाची माहिती असते. अगदी ग्लिसरीनसारख्या रोजच्या पदार्थाच्या शीटमध्येही या विभागात ‘प्रजाती: ससा’, ‘प्रजाती: उंदीर’ अशा ओळी सापडतात. म्हणजे दशकांपूर्वी कोणी ना कोणी ती चाचणी केलेली आहे. प्राण्यावर कधीच चाचणी झाली नाही असा घटक शोधू गेलात तर हाती जवळजवळ काहीच लागणार नाही. त्यामुळे प्रामाणिक ब्रँड ‘कधीच झाली नाही’ असे म्हणत नाही. तो एक ठरावीक तारीख जाहीर करतो आणि त्या तारखेनंतर आमच्यासाठी, आमच्या पुरवठादाराकडून किंवा आमच्या वतीने अन्य कोणाकडून नवी चाचणी झालेली नाही आणि होणार नाही, अशी हमी देतो. यातला ‘ठरावीक’ हा शब्द मोलाचा आहे. तारीख जर दरवर्षी पुढे सरकत असेल, उदाहरणार्थ ‘गेल्या पाच वर्षांत चाचणी नाही’ असे कोणी म्हणत असेल, तर आज चाचणी केलेला घटक पाच वर्षे थांबून वापरण्याची मुभा त्यात राहते.

कायद्यांकडे वळू, कारण मालकी आणि चीन हे आपले दोन्ही प्रश्न तिथेच सुटतात. युरोपीय संघात तयार प्रसाधनांवर प्राण्यांच्या चाचण्यांची बंदी सप्टेंबर २००४ पासून, घटकांवर मार्च २००९ पासून, आणि अशा चाचण्या केलेला माल विकण्यावर पूर्ण बंदी ११ मार्च २०१३ पासून आहे. इस्रायलने २००७ मध्ये चाचणीवर आणि २०१३ मध्ये विक्रीवर बंदी घातली. भारताने २०१४ मध्ये देशातील चाचणी आणि चाचणी केलेल्या मालाची आयात या दोन्हींना मनाई केली. कॅनडाची बंदी डिसेंबर २०२३ मध्ये लागू झाली. अमेरिकेत देशपातळीवर बंदी नाही, पण कॅलिफोर्नियाचा कायदा २०२० पासून अमलात आहे आणि त्यामागोमाग आणखी काही राज्यांनी तसे कायदे केले. या यादीवरून एखाद्याला वाटेल की युरोपात बनलेला माल घेतला की प्रश्न मिटला. तसे होत नाही.

युरोपातच रसायनांच्या नोंदणीचा ‘रीच’ नावाचा दुसरा कायदा आहे. कारखान्यातील कामगार आणि पर्यावरण यांच्या संरक्षणासाठी तो रसायनाची माहिती मागतो आणि शेवटचा उपाय म्हणून प्राण्यांवरची चाचणीही मागू शकतो. सिमराइज ही जर्मन कंपनी सनस्क्रीनमध्ये वापरले जाणारे होमोसॅलेट आणि २-एथिलहेक्सिल सॅलिसिलेट हे दोन घटक बनवते. या घटकांचा वापर फक्त प्रसाधनांत होतो, तेव्हा प्रसाधन कायद्याची बंदी इथे लागू व्हावी, असा तिचा युक्तिवाद होता. युरोपीय रसायन संस्थेच्या अपील मंडळाने तो २०२० मध्ये फेटाळला आणि युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयानेही नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीच्या विरोधात निकाल दिला. याच विषयावर १२ लाखांहून अधिक युरोपीय नागरिकांनी सह्या करून कायदा घट्ट करण्याची मागणी केली होती. मला हे प्रकरण फार बोचते, कारण इथे कंपनी स्वतः ‘चाचणी करायची नाही’ म्हणत होती आणि कायदा ‘चाचणी करा’ म्हणत होता. ग्राहकाने यातून घ्यायचे ते एवढेच: ‘युरोपात बनलेले’ ही पूर्ण हमी नाही, आणि सनस्क्रीनसारख्या मालाच्या बाबतीत दोन प्रश्न जास्त विचारावेत.

चीनबद्दल जुनी माहिती अजूनही फिरत असते. पूर्वी तिथे आयात होणाऱ्या प्रत्येक प्रसाधनाची प्राण्यांवर चाचणी सक्तीची होती, त्यामुळे ‘चीनमध्ये विक्री आहे म्हणजे चाचणी आहे’ हे समीकरण बरोबर होते. जून २०१४ पासून देशातच बनलेल्या साध्या प्रसाधनांना सूट मिळाली. १ मे २०२१ पासून आयात केलेल्या साध्या प्रसाधनांनाही, म्हणजे शाम्पू, क्रीम, लिपस्टिक, काजळ वगैरेंना, सूट मिळू लागली. तिच्यासाठी मूळ देशाच्या सरकारी यंत्रणेकडून चांगल्या उत्पादन पद्धतीचे प्रमाणपत्र आणि पूर्ण सुरक्षा-मूल्यमापन द्यावे लागते. मुलांसाठीचा माल आणि नवा घटक असलेला माल या सवलतीतून वगळलेले आहेत. केसांचे रंग, केस कुरळे वा सरळ करणारी द्रव्ये, सनस्क्रीन, त्वचा उजळवणारी आणि केसगळती रोखणारी उत्पादने ‘विशेष’ गटात मोडतात, आणि तिथे चाचणीची मागणी राहते. ब्रँडने चीनमधल्या दुकानात माल न ठेवता सीमापार ऑनलाइन विक्री केली तर ही नोंदणी लागत नाही. म्हणून ‘चीनमध्ये विकता का?’ एवढेच विचारून आता भागत नाही. कोणता माल, कोणत्या मार्गाने, कोणत्या सवलतीखाली विकता, असे विचारावे लागते. ज्या ब्रँडने खरोखर ही वाट काळजीपूर्वक आखली आहे, त्याला याचे उत्तर देताना अडचण येत नाही.

आता डबीवरचे वाक्य आणि ससा. अमेरिकेत ‘क्रुएल्टी-फ्री’ किंवा ‘प्राण्यांवर चाचणी नाही’ या शब्दांची कायदेशीर व्याख्याच नाही, त्यामुळे कंपनी ते शब्द आपल्या सोयीच्या अर्थाने वापरू शकते. युरोपच्या नियमात हे वाक्य छापायचे असेल तर उत्पादकाने आणि त्याच्या पुरवठादारांनीही चाचणी केलेली वा करवून घेतलेली असता कामा नये, अशी अट आहे. सशाचे चित्र मात्र कोणीही काढू शकतो. कान उभे असलेला, बसलेला, हृदयाच्या आकारात बसवलेला, पानांमागून डोकावणारा असे कितीतरी ससे मी पाहिले आहेत, ज्यांच्यामागे कोणतीही संस्था नव्हती, फक्त वेष्टनाच्या चित्रकाराची कल्पना होती.

ज्याच्यामागे तपासणीची यंत्रणा आहे असे सर्वांत भक्कम चिन्ह म्हणजे ‘लीपिंग बनी’, उडी मारणारा ससा आणि शेजारी तारे. अमेरिका आणि कॅनडातील प्राणी-संरक्षण संस्थांनी १९९६ मध्ये एकत्र येऊन त्याचा कार्यक्रम सुरू केला आणि ‘क्रुएल्टी फ्री इंटरनॅशनल’ या, १८९८ साली वेगळ्या नावाने स्थापन झालेल्या ब्रिटिश संस्थेने तो इतर देशांत नेला. या चिन्हासाठी कंपनीला ठरावीक तारीख जाहीर करावी लागते, प्रत्येक पुरवठादारावर लक्ष ठेवण्याची लेखी व्यवस्था उभी करावी लागते, दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि बाहेरच्या लेखापरीक्षकाला कागद उघडून दाखवावे लागतात. पेटा या प्राणी-हक्क संस्थेची ‘ब्युटी विदाउट बनीज’ ही यादी यापेक्षा पुष्कळ मोठी आहे आणि तिच्यात ‘चाचणी नाही’ व ‘चाचणी नाही आणि व्हीगनही’ असे दोन प्रकार आहेत. ती मुख्यतः कंपनीने भरून दिलेल्या उत्तरांवर आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीच्या लेखी हमीवर उभी आहे. ती हमी निरर्थक नाही, सही केलेला कागद खोटा निघाला तर कंपनीची अब्रू जाते. पण निवड करायची झाली तर बाहेरच्या माणसाने तपासलेल्या कागदाला मी जास्त मान देते.

असे का, ते एका प्रसंगाने सांगते. एका सूत्रात आम्ही त्वचा मऊ ठेवणारा एक नवा एस्टर, म्हणजे तेलासारखा एक घटक, वापरायचे ठरवले होते. पुरवठादाराकडून पत्र आले, कंपनीच्या शीर्षकाचे, सहीशिक्क्याचे. त्यात लिहिले होते: ‘आमच्या कंपनीने प्रसाधनांच्या हेतूने या घटकाची प्राण्यांवर चाचणी केलेली नाही, कायद्याने आवश्यक असल्याखेरीज.’ घाईत वाचले तर हे पत्र उत्तम. मी त्याखाली पेन्सिलीने तीन रेघा ओढल्या. ‘आमच्या कंपनीने’ म्हणजे बाहेरच्या प्रयोगशाळेने केली असू शकते. ‘प्रसाधनांच्या हेतूने’ म्हणजे रसायन-नोंदणीच्या हेतूने केली असू शकते. आणि ‘कायद्याने आवश्यक असल्याखेरीज’ या तीन शब्दांत तर सगळेच आले. मी परत लिहिले आणि त्या घटकाच्या शीटच्या अकराव्या विभागातील चाचण्यांची वर्षे मागितली. दोन आठवड्यांनी उत्तर आले, त्यात आमच्या ठरावीक तारखेनंतरची, सशांच्या त्वचेवरची एक चाचणी होती. तो एस्टर आम्ही सोडला आणि जुन्या, माहितीतल्या तेलावर सूत्र पुन्हा बांधले. क्रीम थोडे जड झाले, एवढेच. पुरवठादार खोटे बोलला नव्हता, आम्ही विचारले नसते तर त्याला सांगायचे कारणही नव्हते. लेखापरीक्षकाला नेमके असे पत्रव्यवहार दाखवावे लागतात, म्हणून परीक्षणाची अट मला महत्त्वाची वाटते.

ग्राहक म्हणून आपल्याला पुरवठादाराची पत्रे दिसणार नाहीत, पण ब्रँडला आपण लिहू शकता आणि उत्तर याच नजरेने वाचू शकता. पत्र लांब नको. आपली ठरावीक तारीख कोणती, ती घटकांना आणि पुरवठादारांनाही लागू आहे का, कायद्याने मागणी झाली तर आपण चाचणी होऊ देता की तो बाजार सोडता, आणि हे बाहेरचे कोण तपासते, एवढे विचारावे. उत्तरात ‘आम्हाला प्राण्यांविषयी आस्था आहे’, ‘आम्ही पर्यायी पद्धतींमध्ये गुंतवणूक करतो’ अशी वाक्ये भरपूर आणि तारीख कुठेच नाही, असे असेल तर ते उत्तर नव्हे. पर्यायांवर खर्च करणाऱ्या कंपन्यांचे काम चांगले आहे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. १९८० मध्ये प्राणी-हक्क कार्यकर्ते हेन्री स्पायरा यांनी वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीला सशांच्या डोळ्यांविषयी जाब विचारला, तेव्हा त्या कंपनीने पर्यायांच्या संशोधनासाठी पैसे दिले आणि प्रसाधन उद्योगाच्या मदतीने १९८१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी पद्धतींचे केंद्र उभे राहिले. पण संशोधनाला देणगी देणे आणि आपल्या घटकांची चाचणी थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपला प्रश्न दुसरीविषयी आहे. याउलट एखादा छोटा ब्रँड ‘आमच्या चार घटकांची पत्रे अजून आलेली नाहीत, मागवली आहेत’ असे मोकळेपणाने लिहितो. मी असे उत्तर आले तर त्या ब्रँडच्या बाजूने झुकते. छोट्यांकडे प्रमाणपत्र नसणे हे नेहमी दोषाचे लक्षण नसते, पुष्कळदा कागद गोळा करायला माणूसच नसतो. मात्र ‘नैसर्गिक’, ‘हर्बल’, ‘ऑरगॅनिक’ या शब्दांचा चाचणीशी काहीही संबंध नाही. वनस्पतीचा नवा अर्कही सशावर तपासला जाऊ शकतो.

मालकीचा प्रश्न विज्ञानाचा नाही, विवेकाचा आहे, आणि त्यावर प्रामाणिक माणसांत मतभेद आहेत. प्रमाणपत्र ब्रँडला मिळते, त्यामुळे मूळ कंपनीचे इतर ब्रँड त्यात येत नाहीत. युनिलिव्हरच्या डव्हला २०१८ मध्ये पेटाची मान्यता मिळाली, लोरिआलच्या गार्निएला २०२१ मध्ये लीपिंग बनी मिळाली, दोन्ही मूळ कंपन्यांचे सगळे ब्रँड तसे नाहीत. बॉडी शॉप २००६ मध्ये लोरिआलने विकत घेतला तेव्हा त्याच्या अनेक जुन्या ग्राहकांनी पाठ फिरवली होती. आपला पैसा शेवटी चाचणी करणाऱ्या तिजोरीत जातो, म्हणून असा ब्रँड घेऊ नये, हे एक मत. मोठ्या कंपनीला तिच्याच घरातला प्रमाणित ब्रँड जास्त विकला गेलेला दिसला तर ती त्या दिशेने सरकते, हे दुसरे. मी दुसऱ्या मताकडे कलते, कारण एका मोठ्या ब्रँडने प्रमाणपत्राची तयारी केली की शेकडो पुरवठादारांना तारखेसह पत्रे द्यावी लागतात, आणि तीच पत्रे मग माझ्यासारखीला छोट्या सूत्रासाठीही सहज मिळतात. पहिल्या मताच्या व्यक्तीला मी चूक म्हणणार नाही. आपण ठरवा, फक्त ब्रँड विकला गेल्यानंतर त्याचे प्रमाणपत्र टिकले आहे का, हे संस्थेच्या चालू यादीत नव्याने पाहून घ्या. डबीवर जुना छापील ससा कित्येक महिने राहू शकतो.

‘व्हीगन’ हा निराळा प्रश्न आहे. व्हीगन म्हणजे मालात प्राणिजन्य घटक नाहीत. त्या मालाची चाचणी झाली की नाही, हे तो शब्द सांगत नाही. उलट चाचणी नसलेल्या लिपस्टिकमध्ये कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग असू शकतो, लेबलवर तो ‘कार्माइन’ किंवा ‘सीआय ७५४७०’ असा दिसतो. ‘लॅनोलिन’ हे मेंढीच्या लोकरीतले मेण, ‘सेरा अल्बा’ म्हणजे मधमाश्यांचे मेण, ‘सीआय ७५१७०’ म्हणजे माशांच्या खवल्यांतून येणारी चमक, आणि ‘स्क्वालेन’ ऑलिव्ह किंवा उसातून येतो तसा शार्कच्या यकृतातूनही येऊ शकतो, तिथे उगम विचारावाच लागतो. रंग लावायच्या ब्रशांचे केस खार, शेळी किंवा मिंक यांचे असू शकतात, आणि ब्रशावर घटकांची यादी छापलेली नसते. दोन्ही गोष्टी हव्या असतील तर दोन्हींसाठी वेगवेगळे पुरावे पाहा.

सनस्क्रीन, कोंड्याचा शाम्पू, फ्लोराइडची टूथपेस्ट यांना अमेरिकेसारख्या काही देशांत औषधांचे नियम लागतात, त्यामुळे तिथे ब्रँडच्या हातात थोडे कमी असते. अशा मालासाठी जुन्या, वर्षानुवर्षे वापरातल्या फिल्टरवर, म्हणजे ऊन अडवणाऱ्या घटकांवर, बांधलेले, प्रमाणित ब्रँडचे सनस्क्रीन घेणे मला योग्य वाटते. प्रमाणित मिळाले नाही म्हणून सनस्क्रीन लावणेच सोडू नये. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम या हिशेबात धरूच नये.

घरातल्या वस्तूंबद्दल. आपल्या क्रीमची चाचणी झाली असेल तर ती झाली, डबी कचऱ्यात टाकल्याने त्या सशाला काही मिळणार नाही, तेव्हा जे उघडले आहे ते मुदतीच्या आत वापरून संपवा. पण डबी संपण्याच्या महिनाभर आधी ब्रँडला वरची चार ओळींची विचारणा पाठवा, म्हणजे पुढची डबी घ्यायच्या वेळी उत्तर हातात असेल. काजळ, मस्कारा यांसारख्या डोळ्यांच्या वस्तू तशाही लवकर बदलाव्या लागतात, बदलाची सुरुवात तिथून करावी. सशाच्या डोळ्यावर जे सोडले गेले, त्यात अशा वस्तूंसाठीचे पदार्थही होते.